सुरमई उंच उडायला लागली तेव्हा

सुरमई घोडी दांडीच्या वर हातभर जास्त उडायला लागली तेव्हा तिचा मालक ललित नाचायचाच काय तो बाकी होता. तिच्यावर बसणाऱ्या अंकुशला मात्र ते खटकलं. सात वर्षं तो त्या पाठीवर बसत होता. तिची उडी त्याला ओळखीची होती. ही उडी तिची नव्हती.

अंकुश बोईसरजवळच्या, सालवडपलीकडच्या पाड्यातला. ललितच्या बापजाद्यांनी समुद्राकडेच्या वाडीत चिकू पिकवले, ललितनं त्याच वाडीत घोडे आणले. अंकुश तिथं लीद काढायला लागला. ही तापट घोडी दोन शिकलेल्या रायडरांना आपटून मोकळी झाली, तेव्हा तो बसला आणि टिकला. घड्याळ लावून, एकही दांडी न पाडता अडथळे ओलांडायचे, हाच मग त्याचा धंदा झाला. बापाच्या जिवावर घोडे बदलणाऱ्या पोरांची तोंडं त्यानं या एका घोडीवर बंद केली. आता पुण्याची स्पर्धा मारली की तिथल्या मोठ्या तबेल्यात रायडर म्हणून कायमची नोकरी, असा शब्द मिळाला होता.

सरावानंतर पाय सुजू नयेत म्हणून घोडीला खाऱ्या पाण्यात उभं करायचं. किनाऱ्यावर बैलांनाही लोक असंच उभं करतात. सुरमई लाटांना बुजायची, म्हणून पावसाळा सरल्यापासून अंकुश तिला वाडीमागच्या खाडीत न्यायचा, तेही ओहोटीला, पाणी उथळ नि शांत असताना.

एके सकाळी त्याची बायको सपना ओट्यावर त्याचे गमबूट घासत होती.

"ओ रायडरसायब, बूट कशानं खाल्लं तुजं? उंदरानं की घोडीनं?"

घोट्याच्या वर, पाणी जिथवर चढायचं तिथवर, रबर फुगून चिकट झालं होतं.

"समद्या केमिकल कंपन्यांचं पाणी त्या खाडीतच येतं नं," सपना म्हणाली. "भरतीला समुद्र तरी मिसळतो. ओहोटीला काय उरतं?"

अंकुश न जेवता तबेल्यात पळाला. त्यानं सुरमईच्या नडगीवरून नुसतं बोट फिरवलं. घोडी थरथरली, कान मागे टाकून चावायला आली. केस विरळ झालेले, खाली कातडी लालभडक. दांडी चाटून गेली तरी आग व्हायची, म्हणून ती जीव घेऊन उडत होती. आणि पाय असे करून घोडा उडवणं स्पर्धेत गुन्हा. सापडला तर दोष रायडरवर.

त्यानं ललितला दाखवलं. ललितनं वाकून पाहिलं, मग हळूहळू हसला.

"म्हणजे फुकटात औषध सापडलं की रे आपल्याला!"

"शेठ, जनावर जळतंय!"

"अंक्या, पुण्याला जायचंय ना? मग आवाज खाली."

अंकुशनं खाडी बंद केली, गोड्या पाण्यानं पाय धुतले, खोबरेल चोळलं. स्पर्धेच्या आठवड्यापर्यंत कातडी निवली, उडीही पहिल्यासारखी बेताची झाली. ललित रोज येऊन नुसती उडी बघून जायचा. तेच अंकुशला बरं वाटत नव्हतं. निघायच्या आदल्या दिवशी ललितनं त्याला घोडीचे कागद आणायला पालघरला पिटाळलं. परत येईपर्यंत घोडी पायांना पट्ट्या बांधून ट्रकमध्ये चढवलेलीसुद्धा होती.

पुण्याच्या मैदानाबाहेर अंकुशनं तिला सरावाच्या बुटक्या दांडीवर घातलं. घोडी उडाली ती भिंत ओलांडावी तशी. त्याच्या मांड्यांखाली तिचं अंग थडथडत होतं. आपण पालघरला गेलो तेव्हा ललितनं तिला पुन्हा खाडीत उभं केलं, हे त्याला कळलं. लाउडस्पीकरवर त्याचं नाव पुकारलं गेलं.

तो खाली उतरला. घोड्यांचे पाय तपासणाऱ्या तपासनिसासमोर स्वतःच्या हातानं पट्टी सोडली.

"साहेब, बघा. खाडीच्या पाण्यानं भाजलेत. मी हिला उडवणार नाय."

ललित धावत आला. "यानंच केलंय! घोडी हाच खाडीत न्यायचा, वाडीतल्या कोणालाही विचारा!"

ते खोटं नव्हतं. अंकुशनं दुसऱ्या पायाचीही पट्टी सोडली. तपासनिसानं रायडर म्हणून त्याचंच नाव लिहून घेतलं. मोठ्या तबेल्याचा माणूस कठड्याशी उभा होता. तो पाठ फिरवून गेला.

ट्रकपाशी अंकुशनं लगाम सोडला नाही. "हिला परत तिथं नेऊ नको, ललित." शेठ म्हणायचं तो विसरला होता.

"घोडी माझी." ललितनं लगाम हिसकावला. "पुढच्या वेळी खाडी आठ दिवस आधी थांबवू, म्हणजे आग राहील पण तपासात काय दिसणार नाही. तुझ्या जागेवर बसायला दोघं तयारच आहेत."

ट्रकचा मागचा फाळका लागला. आत सुरमई पाय आपटत होती. ट्रक बोईसरच्या दिशेनं निघाला. परवा अमावस्या. त्या दिवशी समुद्र सगळ्यात लांब ओसरतो, खाडीत उरतं ते कंपन्यांचं पाणी.