काचेवरचा सौर पंखा
कपाट आवरताना दादाचा जुना सौर पंखा हाती आला आणि खिडकीतलं ऊन पडताच फिरू लागला. उभी गाडी थंड राहावी म्हणून दादानं तो हौसेनं आणून खिडकीच्या काचेच्या वरच्या कडेवर अडकवला होता. हिंगणघाटला, ऐन मे महिन्यात, पंख्याला ऊन मिळावं म्हणून त्यानं कडुनिंबाची सावली सोडून गाडी उन्हात लावली. गुडघे दुखत होते म्हणून आई आतच बसली. आम्ही पंधरा मिनिटांत कापड घेऊन परतलो. दार उघडलं तर भट्टीसारखी झळ अंगावर आली. पंखा भिरभिरत होता आणि आई मान टाकून पडली होती. डोक्यावर पाणी ओतलं, तेव्हा तिनं डोळे उघडले. "आई, काच काऊन नाई खाली केली?" दादा ओरडला. "तुहा पंखा पडला असता ना," ती म्हणाली. आज हातातला तो पंखा मी पालथा केला, तेव्हा कुठं थांबला.