वान्युची म्हणजे मालवणे

दियोनिसिया पालोमिनो पाव भाजून विकायची. तरुणपणी नऊ वर्षं ती पेरूच्या राजधानीत, लिमा शहरात एका डॉक्टरच्या घरी कामाला होती. तिथे स्पॅनिश शिकली. आई अंथरुणाला खिळली तशी आयाकुचोच्या डोंगरातल्या आपल्या कोल्यापाता गावी परतली. डोंगरातली केचुआ आणि सरकारी स्पॅनिश दोन्ही धड बोलणारं गावात तेवढंच एक माणूस. सरकारी कागद आला की लोक तिच्या भट्टीवर यायचे. ती पीठ मळता मळता वाचून दाखवायची.

१९८४ च्या मे महिन्यात डोंगरातल्या बंडखोरांना शोधत आलेल्या लष्कराने गावच्या कचेरीत तळ टाकला. कॅप्टन समुद्राकाठचा, केचुआ न येणारा. त्याचं खरं नाव कुणालाच माहीत नव्हतं, शिपाई त्याला ससाणा म्हणायचे. दुसऱ्याच दिवशी त्याने दियोनिसियाला बोलावून घेतलं.

"तू दोन्हीकडचं बोलतेस म्हणे. हे लोक काय म्हणतात ते मला सांगायचं. पदरचं काही घालायचं नाही."

तेव्हापासून तिचं रोज सकाळी कचेरीत जाणं सुरू झालं. बंडखोरांना कुणी जेवू घातलं, मेंढ्या कुठे गेल्या, पोरगा कुठे गेला, असं कॅप्टन विचारायचा. एखादा म्हातारा संतापून "तुझं वाटोळं होवो" म्हणाला की ती सांगायची, "फार दुःख झालंय म्हणतायत." एवढंच काय ते ती पदरचं घालायची. पण गावातल्या बायका तिच्याकडून पाव घेताना गप्प राहू लागल्या होत्या.

जूनमध्ये बंडखोरांनी कचेरीच्या कारकुनाला त्याच्या घरात शिरून मारलं. त्याच्या समोरच एवारिस्तो तिंकोपा हा विणकर राहायचा. साठी उलटलेला, मोतीबिंदू झालेला. त्याला आणून खुर्चीवर बसवलं.

"विचार त्याला, ते लोक आले तेव्हा याने काय केलं?"

दियोनिसियाने विचारलं. म्हातारा हळू आवाजात म्हणाला, "कुत्री भुंकायला लागली, मी घाबरलो, लगेच वान्युची केलं. मग अंथरुणात पडून राहिलो."

तिने तोंड उघडायच्या आत कॅप्टन उठून उभा राहिला होता. महिनाभरात त्याच्या कानाला दोन-चार शब्द लागले होते. "थांब! वान्यु म्हणजे मरण. एवढं मला कळतं. हा म्हणतोय की मी मारलं!"

"नाही साहेब. दिवा मालवला म्हणतायत."

"दिव्याचं नावच घेतलं नाही त्याने."

"घेत नाहीत. रात्रीचं म्हटलं की दिवाच. मरणे आणि विझणे आमच्यात एकच शब्द आहे. चूल विझवली तरी तोच, कोंबडी मारली तरी तोच."

"आणि माणूस मारला तर?"

"तरी तोच," ती म्हणाली. खोटं बोलायचं तिच्या मनात आलं होतं, पण जीभ वळली नाही. "पण गळा दाबला तर सिपी म्हणतात, चिरला तर नाका. कारकुनाचा गळा चिरला होता साहेब. यांनी केलं असतं तर नाका म्हणाले असते."

"फार शिकलेली दिसतेस! की तूही त्यांच्यातलीच?"

एवारिस्तोला काहीच कळत नव्हतं. तो आवाजाच्या दिशेने मान वळवत होता. "अगं पोरी, काय म्हणतोय तो? मी काही वावगं बोललो का?"

"नाही बाबा. गप्प बसा जरा."

मागच्या अंगणात तळावरची स्वयंपाकीण साबिना स्टोव्हवर पातेलं ठेवून बसली होती. तिला स्पॅनिशचा गंधही नव्हता. दियोनिसिया खिडकीशी गेली आणि केचुआत ओरडली, "साबिना! वान्युची कर गं!"

"अजून बटाटे कच्चे आहेत!" साबिना करवादली. "उद्या तुझेच पाव घालीन यांच्या घशात!" पण तिने वाकून स्टोव्ह बंद केला.

कॅप्टन खिडकीतून त्या स्टोव्हकडे बघत राहिला. मग मोठ्याने हसला. एवारिस्तोच्या पाठीवर थाप मारून त्याने त्याला सोडून दिलं. दियोनिसिया उंबऱ्यावरच बसली. कॅप्टनने खिशातली वही काढून तो शब्द लिहून घेतला. "चांगला शब्द आहे," तो म्हणाला.

आठवड्याने वरच्या वाडीतल्या तीन माणसांना धरून आणलं. त्या दिवशी दियोनिसियाला काही विचारायला लावलंच नाही. ती व्हरांड्यात वाट बघत उभी होती. कॅप्टन बाहेर आला, सार्जंटला म्हणाला, "वान्युची." आणि मग ते त्याला कळावं म्हणून स्पॅनिशमध्ये, "मालवून टाक तिघांना." सार्जंट हसला. ती तीन माणसं पुन्हा कुणाला दिसली नाहीत.

दोन दिवसांनी कॅप्टनने तिला बसायला खुर्ची दिली. याआधी कधी दिली नव्हती.

"आणखी शब्द सांग. पुरणे याला काय म्हणतात? आणि लपवणे? विसरणे?"

"मला येत नाहीत साहेब. लहानपणीच गाव सुटलं."

"परवापर्यंत तर सगळे येत होते." त्याने वही तिच्या पुढ्यात सरकवली. "उद्या आठवून ये."

तिने त्याच दुपारी भट्टी थंड केली, आईला भावाच्या घरी पोचवलं आणि लोकरीच्या गोणींवर बसून ट्रकने समुद्राकडचं इका शहर गाठलं. अठरा वर्षं तिथे द्राक्षांच्या मळ्यात राबली. गावाकडचं कुणी भेटलं तरी ती स्पॅनिशच बोलायची.

२००२ साली, त्या वर्षांतल्या हत्यांसाठी नेमलेल्या चौकशी समितीपुढे साक्ष द्यायला ती आयाकुचोला आली. आपला नंबर यायची वाट बघत बाकावर बसली होती. शेजारी एक बाई येऊन बसली आणि तिच्याकडे निरखून बघत राहिली.

"तुम्ही पाववाल्या दियोनिसिया मावशी ना? मी पाउलिना. एवारिस्तो तिंकोपांची मुलगी."

दियोनिसियाने तिचे हात हातात घेतले. "बाबा किती वर्षं जगले गं?"

"तुम्ही गेलात त्याच्या पुढच्याच आठवड्यात त्यांना परत बोलावलं. सांगणारं कुणी नव्हतं. कुठल्याशा शिपायाला थोडीफार केचुआ येत होती म्हणे. बाबा परत आलेच नाहीत." पाउलिनाने तिचे हात सोडले नाहीत. "तुम्ही गेल्याचं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. दारातून निघताना म्हणाले, काळजी नको, दियोनिसिया आहे तिथे."

आतून नाव पुकारलं गेलं. दियोनिसिया उठली नाही. पाउलिनाने तिच्या कोपराला धरून तिला उभं केलं आणि दोघी मिळून आत गेल्या.