उलटी फिरलेली गिरणी

चिंचवडच्या गावठाणात छबूबाईंची पिठाची गिरणी होती. नवरा गेल्यावर दिरांनी ती विकायला काढली, तेव्हा छबूबाई जात्याला पाठ लावून उभ्या राहिल्या. "मी चालवते," एवढंच म्हणाल्या. लोक हसले. पण पीठ मऊसूत पडायला लागलं, तशा काळेवाडीच्या बायाही डोक्यावर दळण घेऊन त्यांच्याकडेच येऊ लागल्या.

सत्तावन्न साल असेल. तोवर वीज एका खासगी कंपनीची होती. एक दिवस पंचायतीतले मारुतराव सांगत आले, "सरकारनं कायदा केलाय. वीज आता सरकारी. नव्या तारा येणार, बिलबी कमी येणार."

"वीज तीच का दुसरी?" छबूबाईंनी विचारलं.

मारुतराव घुटमळले. "तीच असंल. पर सरकारी."

नवे खांब उभे राहिले, तारा जोडल्या गेल्या. छबूबाईंनी खटका दाबला. पट्टा फिरला, पण उलट्या बाजूला. जात्यात दळणाला आलेल्या ठकुबाईची ज्वारी होती. तिनं खाली हात धरला आणि ओरडली, "अगं छबू, ह्या तर कण्या!"

बंद करून पुन्हा चालू केली, तरी उलटीच. दुपारपर्यंत गावभर झालं, सरकारी वीज उलटी वाहते. कुणी म्हणालं नारळ फोडा, कुणी म्हणालं जातं पालथं घाला.

छबूबाई पदरात मूठभर कण्या बांधून स्टेशनजवळच्या वीज कचेरीत गेल्या.

कारकून म्हणाला, "बाई, दर कमी झालाय, आता काय तक्रार?"

"दर कमी हाय, पर वीज उलटी हाय."

कारकुनाला कळेना. आपण नेमकं काय म्हणतोय, हे छबूबाईंनाही कळेना. शेवटी ज्योतीराम नावाचा वायरमन त्यांच्याबरोबर आला. त्यानं पेटी उघडली, तीनपैकी दोन तारांची अदलाबदल केली. जातं सुलटं फिरलं.

"आता वीज सुलटी झाली?"

"वीज उलटी नव्हतीच, मावशी. तारा जोडताना अदलाबदल झाली होती."

"म्हंजे सुलटी वीज उलटी फिरवत हुती?"

ज्योतीरामनं पुन्हा पहिल्यापासून समजावलं. छबूबाईंनी मान डोलावली, पण डोक्यात काही शिरलं नाही.

पुढं बिल खरंच कमी आलं. दळणं तेवढीच, मग बिल कमी कसं? त्या परत कचेरीत गेल्या.

"कायदा झाला ना बाई, म्हणून दर उतरला," कारकून म्हणाला.

"कायद्यानं उतरतो, तर मग आधीच का न्हाई केला?"

कारकून हसला आणि त्यानं त्यांच्यासाठी चहा सांगितला.

तरी वाचलेले पैसे त्या वेगळे ठेवत गेल्या. चूक ध्यानात आली की कुणीतरी मागायला येईल, ही धास्ती. कुणीच आलं नाही. दुसऱ्या वर्षी त्यांनी त्यातून मिरची कांडायचं यंत्र घेतलं. ते सुरू झालं त्या दिवशी सगळी आळी शिंकत होती आणि छबूबाई नाकाला पदर लावून तिखट चाळत होत्या.