मांडवातली डेलाबाय

शेलार गावच्या कमळाबाई धवलारीण. आगरी लग्नाच्या मांडवात विधीची गाणी, म्हणजे धवले, म्हणायचा मान त्यांचा. आवाज असा की हळदीला जमलेल्या बाया भांडण विसरून ऐकत बसायच्या. स्वभावानं मात्र भलत्याच स्वप्नाळू. फोडणी घालता घालता मन कुठल्या गावाला निघून जाईल याचा नेम नसायचा, आणि लसूण करपायची ती करपायचीच.

नवरा गेल्यापासून घरात त्या आणि मनाली, दोघीच. लेक इंग्रजीत एम.ए. झालेली, आणि मांडवात आईच्या मागं बसून गाणारी. आईनं ओळ टाकायची, मनालीनं ती जशीच्या तशी उचलायची. ओळ खाली पडू द्यायची नाही आणि मांडवात म्हटलेलं मागं घ्यायचं नाही, असं कमळाबाईंना त्यांच्या सासूनं बजावलेलं.

आता मनालीला हैदराबादला पुढच्या अभ्यासासाठी जागा मिळाली होती. विषय काय, तर अमेरिकन नाटकांतल्या खमक्या आया! याच आठवड्यात होकार कळवायचा होता, आणि आई हो म्हणेना की नाही म्हणेना.

दुपारी वाल सोलता सोलता मनाली नाटकं सांगायची. "एक आई हाय, पोरगा घर सोडतोय कळल्यावर त्याचे बूटच लपवते. दुसरी डेला. ती लेकीची बॅग स्वतः भरते. बस सुटते तेव्हा बाकड्यावर पाठ फिरवून बसते."

"बोलत पन न्हाय?"

"न्हाय. आता तूच सांग आये, दोघींत खमकी कोण?"

"बूट लपवनारी," कमळाबाई ठासून म्हणाल्या. "घर कोनी धरून ठेवायचा मंग?"

म्हणाल्या खऱ्या, पण डोळ्यांपुढून डेला काही हलेना. कधी ती वज्रेश्वरीच्या एसटीत खिडकीशी दिसायची, कधी त्यांच्याच ओट्यावर लुगडं नेसून बसलेली असायची. पाठमोरीच. तिचं तोंड एकदा पाहावं असं त्यांना फार वाटायचं, आणि भीतीही वाटायची.

अशातच पडघ्याच्या रंजिताच्या लेकीचं लग्न आलं. नवरी निघायच्या वेळी कमळाबाईंनी पाठवणीचा धवला धरला. त्यात घरच्यांची नावं गुंफायची असतात. नवरीच्या आईच्या नावाची जागा आली, कमळाबाईंचे डोळे मिटलेले, आणि तोंडून निघून गेलं,

"मांडवाचे दारी डेलाबाय उभी गो..."

बाया एकमेकींकडे बघू लागल्या. "ही कुठली पावनी?" कुणीतरी खुदकन हसलं. रंजिताचं तोंड एवढंसं झालं. मनालीनं मात्र ओळ जशीच्या तशी उचलली.

कमळाबाईंनी डोळे उघडले. काय झालं ते कळलं. कपाळाला घाम फुटला, पण आवाज त्यांनी मोडू दिला नाही.

"डेलाचे बाजूला रंजिताबाय उभी गो..."

रंजिता हसली, पदरानं डोळे पुसू लागली. मांडव सावरला. इथं थांबता आलं असतं. कमळाबाईंनी मोठा श्वास घेतला.

"तिसरी कमळा उभी, लेकीची बॅग भरते गो... हैदराबादेला लेक धाडते गो..."

पाठीमागून ओळ येईना. सगळा मांडव मनालीकडे पाहू लागला. मागं वळून लेकीला जवळ घ्यावं, असं कमळाबाईंना मनापासून वाटलं. त्या पाठ फिरवून तशाच बसून राहिल्या, मांडीवरची मूठ घट्ट आवळून. समोर डेला बसली होती, आणि तिचं तोंड आता त्यांना पुरतं ओळखीचं झालं होतं.

मग मागून आवाज आला. रडवेला, चिरका, पण मनालीनं ओळ अख्खी उचलली.