प्रागच्या चौकातलं मडकं

बायको जाऊन साल भरलं नव्हतं आन् लेकानं मला प्रागला नेलं. तो तिथं कंपनीत हाय, सून बी तिथंच. "आबा, इथं आता वसंत लागलाय, आमाला सुट्टी हाय. शहर बघा, मन रमंल," म्हणला. मी घरी नुसता भिंतीकडं बघत बसायचो, ते त्याला फोनवर दिसलं आसंल. गेलो.

शहर लई जुनं हाय, खोटं कशाला बोलू. नदीवर दगडी पूल, पुलाच्या दोन्ही कडंला दगडाची माणसं उभी. झाडं पांढऱ्या फुलांनी लदबदलेली. चौकात एक घड्याळ हाय. तास झाला की त्यातला सांगाडा घंटी ओढतो आन् खाली माणसं मोबाइल वर करून हसतात. सून म्हणली, "मामा, तो मृत्यू हाय."

"वळखतो त्याला. आपल्या घरी येऊन गेलाय," म्हणलो. पोरीनं बिचारीनं वर धरलेला मोबाइल खाली घेतला.

तिथंच गावाकडून धाकट्या भावाचा फोन आला. "दादा, उद्या आखिती हाय. वहिनीचं मडकं?"

माणूस गेल्यावर पहिली अक्षयतृतीया येती, तिला आमच्याकडं आखिती म्हणतात. त्या दिवशी नवं मातीचं मडकं पाण्यानं भरून मेल्या माणसाला पितरात घेतात. तोवर ते तहानलेलं फिरतं. पहिलं मडकं पोटच्या लेकानं भरावं लागतं, दिराचं चालत न्हाई. तिकीट काढताना लेकानं सुट्ट्या बघितल्या. तिथी मी बी बघितली न्हाई.

आन् तहान तिची. आमी जोडीनं ऊस तोडला, उमर गेली त्यात. फडात बाईमाणसाला आडोसा न्हाई, म्हणून ती दिवसभर पाणीच पीत नव्हती. मी म्हणायचो, पी की गं. "तुमाला काय जातंय म्हणायला," म्हणायची. शेवटी किडन्या गेल्या. दवाखान्यात डॉक्टरनं पाणी मोजून द्यायला सांगितलं. बाटलीच्या झाकणात द्यायचे. ती झाकण चाटायची. "एक तांब्या द्या हो, एकदाच," म्हणत गेली.

मी चौकातच लेकाचा दंड धरला. "मडकं पाहिजे."

"आबा, इथं कुठलं मडकं? घरी काचेचा जग हाय."

"काचेत पितर येत न्हाई बे."

"हे कुणी सांगितलं?"

"मी सांगायलोय."

सगळा बाजार फिरलो. रंगवलेली अंडी, लाकडाच्या बाहुल्या, काचाच काचा. शेवटी फुलं विकणाऱ्या एका म्हातारीकडं दिसलं. लाल, भाजलेल्या मातीचं. तोंड रुंद होतं, म्हणलं आसंल इकडची तऱ्हा. गावाकडं नांदूरघाटच्या बाजारात घेतो तसं बोटानं वाजवून घेतलं. खणखणीत वाजलं. म्हातारी हसली, कागदात गुंडाळून दिलं. लेकानं फोनवर बोलत बोलतच पैसे दिले.

दुसऱ्या दिवशी सुनेनं गॅलरीत खोकं ठेवून त्यावर फडकं अंथरलं. कुठून तरी आंबा बी पैदा केला. लेक आंघोळ करून आला, मडक्यात पाणी ओतलं आन् ते सगळं माझ्या पायावर आलं.

"आबा, ही झाडाची कुंडी हाय! बुडाला भोक आसतं हिला."

वाजलेल्या मडक्याचं बूड कोण बघतंय?

"दुसरं आण."

"आज इथं सुट्टी हाय आबा, दुकानं बंद हायेत."

सुनेनं चिकटपट्टी लावली. ओल्या मातीला ती धरंना. मग मीच कुंडी मांडीवर घेतली, खालून तळवा लावला. "आता ओत." पण कोयता धरून धरून माझी बोटं वाकडी झालेली. तळवा सपाट बसंना. पाणी थेंब थेंब गळायला लागलं, झाकणातून दिल्यावानी.

ते मला बघवंना. हात काढून घेतला. पाणी भडाभडा गेलं.

"सांडलं की सगळं, आबा!"

"ओत तू. मोजू नको. ओत."

तो नळाकडं पळायचा, जग भरून आणायचा, ओतायचा. खालच्या मजल्यावरची बाई वर बघून तिच्या भाषेत वरडायला लागली. सून कठड्यावरून वाकून तिला हात जोडायलती. लेकाचं तोंड वाकडं झालं होतं, नाक गळायलतं, तरी ओतायलता. कुंडीत टिपूस थांबत नव्हता.

तेवढ्यात भावाचा फोन वाजला. लेकानं उचलला. धाकट्याचा आवाज मला बी आला, "भरलं का रं आईचं मडकं?"

लेकानं माझ्याकडं बघितलं.

"सांग त्याला," म्हणलो, "भरायलोत म्हणावं. आजून भरायलोत."