पातेल्यातला सेन्सर

आर्वीची माझी आत्या सत्तरी ओलांडूनही आपली जुनी अँबेसेडर स्वतः चालवते. नोकरीभर तिनं सरकारी दवाखान्यात रक्त तपासलं. आता दर दसऱ्याला मोहल्ल्यातल्या म्हाताऱ्या बायांना गाडीत बसवून ती दीक्षाभूमीवर नेते.

मागच्या वर्षी दसरा तोंडावर आला आणि इंजिनाचं तापमान दाखवणारा काटा तळाशीच पडून राहिला. इंजिन कितीही तापलं तरी हलेना. गाडी तर चांगली चालून राह्यली, तशीच नेऊ, असं मी म्हटलं. आत्या ऐकेना.

"इंजिन किती तापलं ते दिसल्याशिवाय मी बायाइले गाडीत बसवत नाई," ती म्हणाली.

इंजिनावरच्या, तापमान मोजणाऱ्या सेन्सरची वायर काढून मी क्षणभर लोखंडाला टेकवली. काटा झपकन लाल खुणेवर गेला. म्हणजे काटा आणि वायर ठीक, बिघाड सेन्सरमध्ये.

वर्ध्याहून नवा आणला. आटे बरोबर बसले, पण गाडी सुरू होते न होते तोच काटा लालवर. आत्यानं सेन्सर काढायला लावला. अंगणात, गाडीला लागून गॅसची शेगडी मांडली, पातेल्यात पाणी ठेवलं, आपला प्रयोगशाळेतला जुना थर्मामीटर काढला. सेन्सर पाण्यात लटकवून मी एका तारेनं त्याचं टोक काट्याच्या वायरला जोडलं, दुसरीनं त्याचं अंग इंजिनाच्या लोखंडाला. ती स्टीअरिंगमागे बसून काटा पाहत होती, मी थर्मामीटर वाचत होतो. पाणी आंघोळीइतकं कोमट झालं आणि काटा लालवर पोचला.

"हा खोटं बोलून राह्यला. ठेव बाजूले."

देवळीजवळ एका भाजीवाल्या शेतकऱ्याच्या आवारात तसलीच गाडी कधीची उभी असल्याचं कळलं. ती त्याच्या वडिलांची. पार्ट मागायला आलेल्या सगळ्यांना त्यानं परत पाठवलं होतं. आत्यानं आधी काहीच मागितलं नाही. दार उघडून ती आत बसली आणि वडील या गाडीतून कुठं कुठं जायचे, ते विचारलं. वांग्यांची पाटी खाली ठेवून तो बराच वेळ सांगत राहिला. मग तिनं येण्याचं कारण सांगितलं.

"न्या, मावशी," तो म्हणाला. सेन्सर त्यानं स्वतःच खोलून दिला.

घरी पुन्हा तेच पातेलं. या खेपेला काटा पाण्यासोबत हळूहळू चढला, पाणी उकळलं तेव्हा लालच्या कडेला आला. मी खूश झालो. आत्यानं गार पाणी ओतायला लावलं, काटा उतरलेला पाहिला आणि पुन्हा तापवायला सांगितलं. एकदा बरोबर आलं म्हणजे बरोबरच, असं तिनं नोकरीतही कधी मानलं नव्हतं.

दसऱ्याला नागपूरच्या तोंडाशी गर्दीत अडकलो आणि काटा चढू लागला. मागून हॉर्न वाजत होते. आत्यानं शांतपणे गाडी कडेला घेतली, बंद केली, बायांना सावलीत बसवलं. त्यांनी भाकरीची फडकी सोडली. अधूनमधून ती किल्ली फिरवून काटा पाहून येई. तो उतरला तेव्हाच निघालो.

परततानाही गाडी तीच चालवत होती. मागे बाया एकमेकींच्या खांद्यावर डोकं टेकवून झोपल्या होत्या.