समुद्र आणि वारा, व्याही-व्याही

किस्से साठतात ते ऐकणारं माणूस गेलं की. माझी बायको सुमती होती तोवर आमच्या बंगळूरच्या हवामान कचेरीतले किस्से रोज संध्याकाळी कॉफीबरोबर संपायचे. आता तुम्ही ऐका.

*

साठ सालानंतरची गोष्ट. वाऱ्याचं टेबल चामराजपेटच्या अण्णांकडे, समुद्राचं बेळगावच्या तात्यांकडे. अण्णांची शारदा तात्यांच्या मुलाला दिलेली. लग्नाच्या पंगतीत तात्यांच्या पानात तूप पडलं ते भात गार झाल्यावर. त्या दिवसापासून समुद्र वाऱ्याशी बोलेना!

मधल्या टेबलावर मी. अण्णा म्हणत, "त्यांना सांगा, वारा ईशान्येचा आहे." हातभर अंतरावरून तात्या म्हणत, "मला ऐकू आलं नाही म्हणून सांगा!"

*

एकदा अण्णांनी लिहिलं, वादळ जोर धरणार. तात्यांनी लिहिलं, विरणार. साहेबांनी दोन्हींवर सही केली. "एक तरी खरं ठरेलच की!"

*

मी साहेबांना सुचवलं, "वादळ समुद्राच्या उबेवर पोसतं, आणि जाताना पाणी गार करून जातं. वाऱ्याचा आणि पाण्याचा नकाशा एकत्र मांडू या."

"उत्तम कल्पना! पण टेबलं एक केली तर एक प्रमुख उरेल. त्याला कुठं बसवू?"

*

शारदा माहेरी आली की कचेरीत दोन डबे आणायची. सासऱ्यांचा आधी उघडायची. "बघा मामंजी, तूप वरच आहे!"

अण्णा खिडकीबाहेर बघत. "तिला सांगा, स्वल्प आमच्याकडेही बघ म्हणावं."

*

हा शेवटचा किस्सा सुमती पुन्हा पुन्हा सांगायला लावायची.

शारदाला दिवस भरत आलेले. नवरा काकीनाड्याच्या बंदरात नोकरीला. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून ती निघण्याच्या तयारीत, आणि उपसागरात वादळ! जावयाचा ट्रंककॉल आला, "निघू की थांबू?" वाटेत रूळ वाहून गेले तर? थांबली आणि घरच गेलं तर?

अण्णा रिसीव्हर धरून नकाशावर वाकले. त्यांच्या नकाशात वादळ थेट काकीनाड्याकडे.

तात्या उठले. आपला ट्रेसिंगचा कागद त्यांनी अण्णांच्या नकाशावर ठेवला. मागच्या आठवड्यातलं वादळ त्याच वाटेनं गेलेलं. तिथलं पाणी अजून गार.

"उपाशी मरेल ते," तात्या म्हणाले. मला नव्हे, अण्णांना!

अण्णांनी कागद निरखला. "सरी, बरोबर आहे," म्हणाले, आणि फोनवर ओरडले, "थांबा!"

काकीनाड्याला नुसती भुरभुर झाली. शारदा मात्र थांबली ती थांबलीच. मुलगी झाली, सासरी.

तार वाचून अण्णा लालबुंद. "त्यांना सांगा, पहिलं बाळंतपण माहेरी असतं! हे मुद्दाम केलं!"

तात्यांनी मान वर केली नाही. "त्यांना सांगा, बारशाला या. तूप गरम भातावर वाढू!"